पाच लेकरं, तीन हजार रुपये आणि एक पत्र्याची पेटी

दादा, तुमचा प्रश्न लांबलचक आहे म्हणून मला जे समजलं ते आधी लिहिते, म्हणजे मागून वाचणाऱ्यांनाही कळेल. तुम्ही पुण्यात नोकरीला, दिवाळीला सेलूजवळच्या गावी जायलात. घरात भावाची तीन लेकरं, दीड वर्षाचा मुलगा, साडेतीन वर्षांची मुलगी आणि सहा वर्षांचा मुलगा. भाऊबीजेला बहीण येणार, तिची पाच वर्षांची मुलगी न् साडेआठ वर्षांचा मुलगा. म्हणजे तिघांचे काका आणि दोघांचे मामा. पाचही जणांचं मिळून बजेट तीन हजार. मागच्या दिवाळीला रिमोटची गाडी आणि वर "क्रिएटिव्ह" छापलेले तीन किट नेले, गाडी पाडव्यालाच बंद पडली, किट एका दुपारीत उरकले आणि मग सगळी गँग तुमच्या मोबाईलभोवती. यंदा कोणतं किट घेऊ जे टिकेल आणि लेकरांचं डोकंही चालेल, असं विचारलंय.

मी परभणीत बालवाडी चालवते, सुट्ट्यांमध्ये मोठ्या लेकरांची शिबिरं पण घेते, त्यामुळं कोणत्या वस्तूला लेकरं पुन्हा पुन्हा हात घालतात आणि कोणती कोपऱ्यात धूळ खात पडते हे रोज बघायला मिळतं. त्यावरून सरळ सांगते, यंदा किट घेऊच नका.

किटमध्ये काय असतं बगा. डब्यावर तयार वस्तूचा झकास फोटो, आत मोजून दिलेले मणी, मोजून दिलेले तुकडे, एक नखाएवढी गोंदाची ट्यूब आणि इंग्रजीत सूचना. लेकराला अगदी फोटोसारखंच करायचं असतं, ते त्याच्या बोटांना जमत नाही, मग आई नाहीतर आत्या ते पूर्ण करून टीव्हीवर ठेवते आणि त्याला हात लावू देत नाही. समजा जमलं, तरी एकदाच. दुसऱ्यांदा करायला मणीच उरत नाहीत. मी कोणतंही खेळणं हातात घेतलं की एकच बघते, ह्यानं सगळं आधीच ठरवून टाकलंय का लेकरानं ठरवायला काही शिल्लक ठेवलंय. तुमची रिमोटची गाडी पुढं जाते, मागं जाते, लाईट लागतो. हे तीन प्रकार बघून झाले की लेकराला करण्यासारखं एकच काम उरतं, ती उघडून आत काय आहे ते बघणं, आणि खरं म्हणजे ते सगळ्यात हुशारीचं काम असतं पण नेमका त्यालाच रपाटा बसतो.

आता काय काय परिस्थितीवर अवलंबून आहे ते आधी सांगते, कारण शहरातल्या फ्लॅटमध्ये एक लेकरू न् दोन मोठी माणसं असतील तर मी वेगळं सांगितलं असतं. तुमच्याकडं दिवाळी म्हणजे कापूस वेचणीचे दिवस, सोयाबीनचंही काही ना काही मागं राहिलेलं असतं, रब्बीची पेरणी चाललेली असते. दिवसभर घरात आजी आणि फार तर एखादी जाऊबाई. म्हणजे ज्याला मोठं माणूस सतत शेजारी लागतं असलं काहीही आपोआप बाद, त्यात गरम गोंदाची बंदूक, प्रयोगांचे रासायनिक डबे, पन्नास पायऱ्यांची मॉडेल सगळं आलं. दुसरं, लाईटचा भरवसा नाही, चार्जिंगवरचं खेळणं हट्टाच्या वेळी हमखास उतरलेलं असतं. तिसरं, लेकरं पाच आणि वयात सात वर्षांचं अंतर, मोठ्याची वस्तू धाकट्याच्या तोंडात जाणारच. आणि चौथं तुम्ही लिहिलं नाही पण मला माहीत आहे, ओवाळणीच्या ताटात जे पडेल ते भावकीसमोर पडणार आहे. कागद आणि टेप नेला तर "मामानं काय आणलं? रद्दी?" असं कुणीतरी म्हणणारच. त्यामुळं वस्तू दिसायलाही पाहिजे. हा मुद्दा काही लोकांना उथळ वाटेल, मला वाटत नाही, कारण मोठ्या माणसांनी नाक मुरडलं की लेकराच्या मनातूनही ती वस्तू उतरते.

म्हणून माझं उत्तर पेटी. आपल्याकडं हॉस्टेलला जाणाऱ्या पोरांना देतात ना, तसली पत्र्याची पेटी, फक्त लहान, दीड-दोन फुटाची. पुण्याहून ओढत नेऊ नका, सेलूच्या नाहीतर परभणीच्या बाजारात भांड्यांच्या दुकानात मिळते. कडी-कोयंडा असलेली घ्या, झाकणाच्या कडा हातानं चाचपून बघा, कापरी असेल तर दुकानदाराकडूनच घासून घ्या. वर पाचही जणांची नावं ऑइल पेंटनं लिहा, नाहीतर त्यांनाच लिहू द्या. पेटी दिसायला जंगी, उघडताना आवाज होतो, कुलूप लागतं, आणि कुलूप लागणाऱ्या वस्तूला लेकरांच्या जगात काय मान असतो ते तुम्हाला पहिल्याच दिवशी कळेल. किल्ली आजीकडं. ती का, ते पुढं सांगते. पेटीत भरायचं ते सामान, तयार खेळणं एकही नाही.

सगळ्यात आधी कागद, आणि भरपूर. लोक रंगांवर पैसे घालतात न् कागद देतात वहीचं पान. साडेतीन-चार वर्षांचं लेकरू खांद्यातून चित्र काढतं, मनगटातून नाही, त्याचा सगळा हात फिरतो, त्यामुळं छोट्या कागदावर त्याची रेघ मावतच नाही आणि मग ती भिंतीवर जाते. पुस्तकांना कव्हर घालायचा ब्राऊन पेपर रोलमध्ये मिळतो तो घ्या, जमिनीवर सहा-सात फूट पसरून चारी टोकांना दगड ठेवा, पाच जणं एकाच वेळी बसतात. ओळखीत कुणी वर्तमानपत्राच्या छापखान्यात असेल तर रीळ संपताना उरलेला कोरा कागद मागा, कित्येकदा नाममात्र पैशात देतात. आणि घरात शहाबादी फरशी असेल, गावाकडं असतेच, तर रंगीत खडूचा मोठा डबा घ्या, ती फरशी म्हणजे आयती मोठी पाटी, सांजच्याला पाणी मारलं की कोरी.

रंगात जाडे मेणाचे खडू घ्या, बारीक नको. एक गंमत सांगते, मी बालवाडीत नवे खडू आले की कागद सोलून प्रत्येकाचे दोन तुकडे करते, आया बघून हळहळतात. पण आखूड तुकडा मुठीत धरता येत नाही, तो बोटांच्या टोकातच धरावा लागतो, आणि पेन्सिल धरायची तयारी न शिकवता होऊन जाते. पोस्टर कलर घेणार असाल तर बारा बाटल्यांचा सेट नको, लाल, पिवळा, निळा आणि पांढरा एवढेच, मोठ्या बाटल्या. हिरवा आपण केला ही खुशी वेगळीच असते, आणि सगळे मिसळून शेवटी मातकट झाला तरी होऊ द्या, त्यातूनच कळतं. रंगवायच्या पुस्तकांच्या मी विरोधात नाही, प्रवासात बरी पडतात, पण तेवढंच.

मग चिकटपट्टी. हे कुणी गिफ्ट म्हणून देत नाही आणि लेकरांना ह्याच्याएवढं दुसरं काही आवडत नाही. कागदी मास्किंग टेपचे चार-पाच रोल घ्या, रंगाच्या दुकानात मिळतो, हातानं तुटतो, कात्री लागत नाही, भिंतीवरून निघतो. खोकी तुमच्याकडं ऑनलाईनची साठलेली असतीलच, ती चपटी करून घेऊन जा नाहीतर गावातल्या किराणा दुकानदाराला सांगून ठेवा. सहा आणि साडेआठ वर्षांचे दोघं खोकी न् टेप मिळाला की दुकान, ट्रॅक्टर, एटीएम, काय वाट्टेल ते करतील. एटीएम तर माझ्याकडं दर शिबिरात होतं, आत एक लेकरू बसवतात आणि ते नोटा बाहेर सारतं. त्याच्यासोबत बोथट टोकाच्या दोन कात्र्या आणि फेविकॉलची मोठी बाटली, जी वाटीत थोडी थोडी काढून बोटानं लावायची.

आता माती आणि कणीक, ह्यावर जरा थांबते कारण इथं लई चांगलं काही हाताशी असून लोक विकतचं आणतात. विकतचा क्ले दोन दिवसांत एकमेकात मिसळून करड्या रंगाचा होतो आणि तिसऱ्या दिवशी वाळतो. घरी करायचा असेल तर दोन वाट्या मैदा, एक वाटी बारीक मीठ, दोन चमचे तेल आणि मळताना लागेल तसं पाणी, साधारण पाऊण ते एक वाटी. पिवळ्यासाठी हळद, गुलाबीसाठी बीटाचा रस. मीठ असल्यामुळं लवकर खराब होत नाही, घट्ट झाकणाच्या डब्यात आठवडाभर सहज राहतो. मात्र हे मीठ लक्षात ठेवा, हा गोळा दीड वर्षाच्याला द्यायचा नाही, एवढं मीठ लहान लेकराच्या पोटात जाणं धोक्याचं असतं. त्याला पोळ्यांच्या कणकेतला बिनमिठाचा गोळा द्या, तेवढ्यावर तो खूश.

आणि खरी माती तर पायाखालीच आहे. आपली काळी माती पाणी पिऊन फुगते आणि वाळताना आकसते, म्हणून तर उन्हाळ्यात रानात पाय जाईल एवढ्या भेगा पडतात, आणि त्याच कारणानं नुसत्या काळ्या मातीचा बैल केला की दुसऱ्या दिवशी त्याची मान तडकते. लेकरांना वाटतं आपलंच चुकलं. उपाय सोपा, मातीत बारीक वाळू आणि चाळलेली राख किंवा भुसकट मिसळायचं, चांगली मळायची, केलेली वस्तू उन्हात न ठेवता सावलीत वाळवायची. साडेआठ वर्षांच्या भाच्याला ही तडकण्याची भानगड कामून होते ते शोधायलाच लावा, तीन गोळे करा, एक नुसत्या मातीचा, एक वाळूचा, एक भुसकटाचा, आणि कोणता कसा तडकतो ते तो वहीत मांडून ठेवील. एक रुपयाचा खर्च नाही. दिवाळीत आपल्याकडं दारात शेणाच्या गवळणी करतात तिथंही लेकरांना बसवा, आजी करत असेल तर तिच्याशेजारी बसूनच शिकतील, त्या गवळणींना ज्वारीचं नाहीतर झेंडूच्या पाकळ्यांचं सजवणं हे पाच वर्षांचीचं आवडतं काम होईल बगा.

कडब्याच्या धांड्याची बैलगाडी तुम्ही लहानपणी केलीच असेल, वरची साल काढायची, आतलं पांढरं भेंड कापून चाकं करायची आणि सालीच्या काड्यांनी जोडायची. सहा वर्षांच्या पुढच्यांना जमते. फक्त साल तुम्ही काढून द्या, त्या सालीची धार ब्लेडसारखी लागते.

आता सगळ्यात दुर्लक्षित प्रकार, खरी अवजारं. लेकराला खोटा हातोडा नको असतो, त्याला तुमचा पाहिजे असतो. पुण्यात बोहरी आळीत चक्कर मारा, पाचशे रुपयांत पेटीचा एक कप्पा भरतो. एक चांगला टॉर्च, सेलचा आणि झाकण स्क्रूनं बंद होणारा. लाईट गेली की चादर बांधा, मागं टॉर्च, पुढं सावल्या, आणि पुठ्ठ्याची चित्रं काडीला चिकटवली की नाटक सुरू, आजीसकट सगळे प्रेक्षक. मोजायचा टेप, पाच मीटरचा नको, शिंप्याकडचा कापडी घ्या, स्टीलचा टेप सटकन आत येताना बोट कापतो. सहा वर्षांचा मुलगा दोन दिवस घरातली प्रत्येक गोष्ट मोजत फिरेल, बैलाचं शिंग, आजीची वेणी, सगळं. मोठ्या मापाचे नट-बोल्ट दहा-बारा आणि त्यातच चुकीच्या मापाचे दोन मुद्दाम. एक छोटी लोखंडी कप्पी आणि सुती दोरी, ही मोठ्या भाच्यासाठी, लिंबाच्या फांदीला बांधून द्या, बादलीत काय काय चढवतील त्याचा नेम नाही. माळवदाच्या कठड्यावर मात्र कप्पी बांधू नका, लेकरं वाकतात. दोरी गळ्यात घालायची नाही हे पहिल्याच दिवशी ठणकावून सांगायचं आणि खेळ संपला की दोरी पेटीत, पेटीला कुलूप.

भिंग पण घ्या, पण एक अट. दिवाळीच्या दिवसांत घरात, ओसरीत कापसाचे ढीग असतात. भिंगानं ऊन एका ठिकाणी गोळा होतं हे सहा वर्षांच्या पोराला कुणी न सांगता तासाभरात कळतं. म्हणून भिंग हे तुम्ही किंवा भाऊ सोबत असतानाच बाहेर निघेल, मुंग्या आणि पानं बघायला, आणि उन्हाच्या वेळी पेटीत. हे पाळलं जाणार नाही असं वाटत असेल तर भिंग नेऊच नका, त्याच पैशात दुसरा टॉर्च येतो.

मोठा भाचा फार हरहुन्नरी असेल तर अरविंद गुप्ता ह्यांचं काम त्याला दाखवा. आयआयटी कानपूरला शिकलेला हा माणूस टाकाऊ वस्तूंतून विज्ञानाची खेळणी करायला शिकवतो, पुण्यात आयुका ह्या खगोलशास्त्राच्या संस्थेत त्यांनी बरीच वर्षं हेच केलं, २०१८ ला पद्मश्री मिळाली. त्यांच्या वेबसाईटवर सगळं फुकट आहे. त्यातलं काड्यापेटीच्या काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्हच्या रबरी नळीचे तुकडे जोडून त्रिकोण, चौकोन, मनोरे करायचं काम तुमच्या भाच्याच्या वयाला अगदी बरोबर आहे, फक्त काड्यांचा गुल खरवडून टाका. दोन व्हिडिओ मोबाईलवर बघून ठेवा आणि गावात मोबाईल खिशातच ठेवून हातानं करून दाखवा.

साडेतीन आणि पाच वर्षांच्या मुलींना ह्यातलं सगळं द्याच, मुलगी आहे म्हणून कप्पी नको असं करू नका, आणि मुलगा आहे म्हणून भातुकली नको असंही नको. पण त्या वयाला "आपण असं असं होऊ" हा खेळ सगळ्यात मोठा असतो. त्यासाठी एक गाठोडं करा, दोन जुन्या ओढण्या, एक फेटा, बंद पडलेला चष्मा काच काढून, जुनी पर्स, शिंप्याकडच्या रंगीत चिंध्या. लक्ष्मीपूजनाला आणलेली बोळकी नंतर तशीही अडगळीत जातात, ती भातुकलीला द्या, फुटली तर फुटली. स्टीलची भातुकली हवी असेल तर तुळशीबागेत मिळते, पण मला विचाराल तर घरातल्या दोन जुन्या वाट्या न् एक खरा चमचा जास्त चालतो.

दीड वर्षाच्याचं आता नीट ऐका, कारण पेटी सगळ्यांची म्हटली तरी तिच्यातलं निम्मं सामान त्याच्यासाठी नाही. त्या वयाला दोनच गोष्टी करायच्या असतात, आत टाकणे आणि बाहेर काढणे. झाकणाला चीर पाडलेला प्लॅस्टिकचा मोठा डबा आणि त्यात टाकायला बरणीची मोठी झाकणं, एकात एक बसणाऱ्या वाट्या, एवढ्यावर त्याचा अर्धा तास जातो, आणि दीड वर्षाच्या लेकराचा अर्धा तास म्हणजे लई झाला. विकत घ्यायचंच असेल तर चन्नपट्टणची लाकडी खेळणी घ्या, कर्नाटकातली, लाखेचे रंग लावून कातावर केलेली, काठीत कड्या ओवायचा प्रकार असतो तो. पुण्यात प्रदर्शनात मिळतात. इकडं नांदेडच्या पलीकडच्या निर्मलची खेळणी दिसायला फार सुंदर असतात पण ती शोकेसची, चावायची नाहीत.

धोक्याचं माप असं, साधारण ३.२ सेंटिमीटर रुंदीच्या नळीत जी वस्तू जाते ती तीन वर्षांखालच्या लेकराच्या घशात अडकू शकते असं धरतात. दहाचं नाणं २.७ सेंटिमीटरचं असतं, त्यावरून अंदाज घ्या. म्हणजे नट-बोल्ट, खडूचे तुकडे, चिंचोके, सागरगोटे सगळं ह्यात आलं. पेटीची किल्ली आजीकडं म्हटलं ते ह्यासाठी. धाकटा झोपला की पेटी उघडायची, किंवा मोठ्यांनी बाजेवर, नाहीतर ओसरीवर उंबऱ्याला आडवी फळी लावून खेळायचं, जागेप्रमाणं ठरवा.

आणि बटणासारखे गोल चपटे सेल, ह्यांची मला सगळ्यात जास्त भीती वाटते. गाणं म्हणणारी स्वस्त खेळणी, लाईटचे बूट, आणि आता दिवाळीत सगळ्यांकडं असतात त्या सेलवरच्या पणत्या, सगळ्यांत हेच सेल. घशात अडकला तर दोन तासांत अन्ननलिकेला भाजल्यासारखी गंभीर इजा होऊ शकते, वरून लेकरू नुसतं लाळ गाळताना न् खोकताना दिसतं. गिळल्याची शंका जरी आली तरी उलटी काढायला जायचं नाही, सरळ मोठ्या दवाखान्यात न्यायचं. छोटे ताकदवान चुंबक आणि पाण्यात फुगणारे रंगीत मणी पण घरात नकोच, मोठ्यासाठी सुद्धा नको. बाजारातलं काही घेताना आयएसआय मार्क बघा, १ जानेवारी २०२१ पासून १४ वर्षांखालच्या लेकरांच्या खेळण्यांवर तो बंधनकारक आहे. नोंदणी असलेल्या हस्तकारागिरांना आणि जीआय, म्हणजे ठरावीक गावाची खासियत म्हणून सरकारी नोंद, मिळालेल्या खेळण्यांना ह्यातून सूट आहे, म्हणून चन्नपट्टणच्या वस्तूवर मार्क नसला तर घाबरू नका.

बरं, हे सगळं एकदम ओतायचं नाही. अमेरिकेत टोलेडो विद्यापीठात २०१८ साली एक अभ्यास झाला, दीड ते अडीच वर्षांची ३६ लेकरं, एकदा समोर चार खेळणी ठेवली आणि एकदा सोळा. चार असताना लेकरं प्रत्येक खेळण्याशी जास्त वेळ आणि जास्त प्रकारे खेळली. बालवाडीत आम्ही हेच अनुभवानं करत आलो, अर्धं सामान नेहमी कपाटात. तुम्ही असताना अर्धी पेटीच उघडा, उरलेलं आजीकडं द्या, तुळशीच्या लग्नाला काढायला सांगा. तुम्ही पुण्याला गेल्यावर जे उदास दोन दिवस येतात ना, तेव्हा ते कामाला येतं.

दुसरी गोष्ट, "कोणाचं चित्र सगळ्यात भारी त्याला शंभर रुपये" असलं काही करू नका, काका-मामा लोकांना हा मोह फार. १९७३ चा एक गाजलेला प्रयोग आहे, मानसशास्त्रज्ञ मार्क लेपर आणि त्यांच्या सोबतच्यांनी बालवाडीतल्या लेकरांवर केलेला. ज्यांना चित्रं काढायला आधीच आवडायचं त्यातल्या काहींना आधी सांगून बक्षीस दिलं, आणि पुढं मोकळ्या वेळात तीच लेकरं इतरांपेक्षा कमी चित्रं काढायला लागली. इथं तर पाच वयांची पाच लेकरं, साडेआठवाला जिंकणार आणि साडेतीनवाली रडणार. "छान" म्हणण्याऐवजी "हे काय आहे, मला सांग" एवढं विचारा, ती दहा मिनिटं बोलत बसेल.

पैशाचं बोलू. दुकानागणिक फरक पडेल पण माझा अंदाज असा, पेटी आठशे, कागद तीनशे, रंग-खडू साडेचारशे, कात्र्या-टेप-फेविकॉल साडेतीनशे, टॉर्च-कप्पी वगैरे पाचशे, धाकट्याचं अडीचशे, झाले साडेसव्वीसशे. उरलेल्या साडेतीनशेची पुस्तकं घ्या, अप्पा बळवंत चौकात नॅशनल बुक ट्रस्टची लहान मुलांची चित्रांची पुस्तकं मिळतात, स्वस्त असतात, आणि प्रत्येकाच्या हातात ओवाळणीला एक एक स्वतःचं द्यायला बरी. पेटी सगळ्यांची आणि पुस्तक ज्याचं त्याचं, असं केलं की भांडण निम्म्यावर येतं. पूर्ण जात नाही.

आणि कुणी म्हणेल की हे काय गरिबाचं सामान, तर त्यांना सांगा की ताराबाई मोडकांनी १९४५ ला बोर्डीला बालवाडीचं काम सुरू केलं तेव्हा महागडी परदेशी साधनं बाजूला ठेवून शंख-शिंपले, पानं, बिया, दगड घेऊनच केलं, अनुताई वाघ सोबत होत्या, आणि महाराष्ट्रातल्या बालवाड्या त्याच वाटेनं उभ्या राहिल्या.

पहिल्या दिवशी तासभर तुम्ही स्वतः खाली बसा, मोबाईल दुसऱ्या खोलीत. तुम्ही खोकं कापायला घेतलं की लेकरं आपोआप जमतील, काय करायचं ते सांगू नका, स्वतःसाठी काहीतरी करत रहा. हा तास टाळला तर पेटी दुपारपर्यंत उलटीपालटी होऊन बाजेखाली जाईल, हेही खरं.

निघायच्या आधी वहिनींना आणि ताईंना फोन करून दोन गोष्टी विचारा, धाकटा अजून दिसेल ते तोंडात घालतो का, आणि चौघांत कोण डावखुरं आहे का. घालत असेल तर खडूचे तुकडे करू नका, पूर्ण जाडे खडूच ठेवा. आणि डावखुरं असेल तर डाव्या हाताची कात्री पुण्यातूनच घ्या, इकडं मिळायची नाही. साधी कात्री डाव्या हातात धरली की पाती दाबली जाण्याऐवजी फाकतात, कागद कापला न जाता मधेच दुमडतो आणि रेघही पात्याआड जाते, मग सगळे म्हणतात ह्याला कात्रीच जमत नाही.